पाडाव झालेलं जहाज कोणाचं?

१२ फेब्रुवारी १७५६ च्या दुपारी विजयदुर्गाच्या बंदरात ‘रेस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर एक कुलपी गोळा येऊन फुटला आणि जहाजानं पेट घेतला. हे जहाज मूळचं ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमाराचं. १७४९ साली तुळाजी आंग्र्यांनी ते लढून पाडाव केलं होतं आणि तेव्हापासून ते त्यांच्या आरमारात होतं. गोळा टाकणारेही इंग्रजच होते, अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमारातले. किल्ल्याच्या आडोशाला आंग्र्यांच्या गुराबा एकमेकींना दोरखंडांनी बांधून उभ्या केलेल्या होत्या. रेस्टोरेशनवरची आग एकीवरून दुसरीवर गेली आणि थोड्याच वेळात आंग्र्यांचं जवळजवळ सगळं आरमार जळून गेलं. अ‍ॅडमिरल वॉटसनबरोबर आलेला शल्यवैद्य एडवर्ड आइव्ह्ज आणि कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म या दोघांनीही हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

या जळिताविषयी मराठीत पिढ्यान्‌पिढ्या एकच प्रश्न विचारला जातो: आरमार कोणी जाळलं? मला त्याहून महत्त्वाचा प्रश्न त्या जहाजाचा वाटतो. शत्रूचं जहाज लढून घेतलं, तर ते आपल्याजवळ ठेवून घेण्याची ताकद कशातून येते, आणि ती कधी जाते? माझं उत्तर असं, की १७५६ साली लाकूड जळालं ते पुन्हा उभं करता आलं. ही दुसरी ताकद मात्र त्या वर्षी गेली ती परत आली नाही. हे म्हणणं सर्वांना पटणारं नाही. म्हणून आंग्र्यांवर आणि कोकणच्या इतिहासावर मनापासून प्रेम करणारा एक आक्षेपक इथे समोर बसवला आहे. त्याचे आक्षेप मी हलके केलेले नाहीत.

आक्षेपक: यात गुंता कसला? शिवछत्रपतींनी शून्यातून आरमार उभं केलं, कान्होजी आंग्र्यांनी ते नावारूपाला आणलं. मुंबईच्या इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर हल्ला केला आणि हात हलवत परत गेले. विजयदुर्गावरही त्यांना असंच तोंड फिरवून जावं लागलं होतं. १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांनी सोन्यानं भरलेलं ‘डर्बी’ पाडाव केलं, तुळाजींनी रेस्टोरेशन घेतलं, पुढे डचांच्या तीन जहाजांवर तुटून पडून दोन जाळली आणि एक धरून आणलं. असं आरमार नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून बुडवलं. रेस्टोरेशन ही आमच्या पराक्रमाची निशाणी होती. तिच्यावर पडलेला गोळा इंग्रजांचा असला तरी त्याला वाट करून देणारा हात पुण्याचा होता. तुम्ही नवा प्रश्न काढून जुन्या प्रश्नाला बगल देताय.

लेखक: बगल देत नाही, नानासाहेबांकडे मी येणार आहेच. पण त्याआधी हे जहाज आपल्या हाती आलं कसं ते नीट पाहू, कारण निशाणी म्हणून ते भिंतीवर टांगून ठेवलं की त्यातली विद्या दिसेनाशी होते. ऑर्मनं आंग्र्यांच्या जहाजांचं वर्णन बारकाईनं केलं आहे. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची, लांबीच्या मानानं खूप रुंद आणि पाण्यात उथळ बसणारी. तिची नाळ लांब पुढे आलेली असे. त्या नाळेवरचा तक्ता मुख्य तक्त्याला लागून असला तरी मध्ये एक आडवी भिंत असे आणि नाळेवर चढलेलं पाणी बाजूंनी वाहून जाई. त्या भिंतीतल्या झरोक्यांतून दोन मोठ्या तोफा थेट समोर मारा करत. युरोपीय जहाजाच्या तोफा त्याच्या दोन्ही कुशींना असतात, समोर आणि मागे ते जवळजवळ आंधळं असतं. गलबतं त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की मोठ्या जहाजाची शिडं लोंबकळतात, ते जागच्या जागी डुलत राहतं आणि वळताही येत नाही. नेमक्या त्या वेळी गलबतं गुराबांना दोर लावून ओढत आणत, शत्रूच्या पिछाडीला उभी करत, आणि गुराबांच्या नाळेवरच्या तोफा आधी त्याच्या शिडांवर आणि डोलकाठ्यांवर चालत. जहाज लुळं पडलं की गलबतांतून दोन-तीनशे माणसं तलवारी घेऊन चहूबाजूंनी वर चढत. रेस्टोरेशनसारखं जहाज पाडाव होतं ते अशा पद्धतीनं. वारे, मतलई, भरती-ओहोटी, कोणत्या खाडीच्या तोंडाशी पाणी किती, हे ज्ञान कोळी, भंडारी, गाबीत खलाशांच्या अंगात मुरलेलं होतं. तुमच्या अभिमानात मी पूर्ण सहभागी आहे. माझं म्हणणं एवढंच, की ही विद्या शत्रूचं जहाज धरण्याची होती. धरलेलं जहाज राखण्यासाठी आणखी काही लागतं.

आक्षेपक: ते ‘आणखी काही’ काय, हे सांगण्याआधी एका गोष्टीचा खुलासा करा. पेशव्यांची बाजू घेणारे म्हणतात की तुळाजी लुटारूच होते, कोणाचाही माल धरत, मग त्यांचा बंदोबस्त केला तर बिघडलं कुठे? इंग्रज तर सरळ चाचे म्हणत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये वॉटसनचं भलंमोठं स्मारक आहे आणि त्यावर घेरिया, म्हणजे विजयदुर्ग, जिंकल्याची तारीख कोरलेली आहे. सुवर्णदुर्ग घेणाऱ्या कमोडोर जेम्सच्या विधवेनं लंडनजवळच्या टेकडीवर १७८४ मध्ये मनोरा बांधला, त्याचं नावच सेव्हर्नड्रूग. पाडाव ही जर चोरी असेल, तर ‘ठेवून घेण्याची ताकद’ ही तुमची सगळी चर्चा चोरीचा माल पचवण्याबद्दलची ठरते.

लेखक: हा मुद्दा टाळून पुढे जाताच येणार नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो. किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजानं दस्तक घ्यावं, दस्तक नसेल तर जहाज जप्त व्हावं, हा नियम आंग्र्यांनी काढलेला नाही. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून या समुद्रावर आपल्या परवान्याची सक्ती करत आले होते आणि इंग्रजही स्वतःचे परवाने देत. कान्होजी हे छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. तुळाजींनाही सरखेली शाहू महाराजांकडून मिळाली होती. म्हणजे दस्तकामागे राजसत्तेचा अधिकार होता. तुळाजींनी मुंबईकरांशी तह करायची तयारी दाखवली तेव्हा बोलणी अडली ती याच ठिकाणी. मुंबईचा गव्हर्नर बोर्शियर यानं त्यांना कळवलेल्या उत्तराचा आशय असा, की आम्ही परवाने देतो, पण हिंदुस्थानातल्या कोणत्याही सत्तेकडून घेणार नाही. या एका उत्तरात सगळं भांडण आलं. परवाना या कल्पनेवर इंग्रजांचा आक्षेप नव्हता, तो दुसऱ्यानं द्यावा यावर होता. आणि जहाज धरून मालाची वाटणी करणं त्यांना गैर वाटत होतं असंही म्हणता येत नाही. विजयदुर्गाकडे निघण्यापूर्वी मुंबईत वॉटसन, पोकॉक, क्लाइव्ह आणि इतर अधिकाऱ्यांनी बसून लुटीचे हिस्से ठरवले. क्लाइव्हला कोणत्या दर्जाच्या आरमारी अधिकाऱ्याएवढा वाटा द्यायचा यावरून वाद झाला, तो मिटवायला वॉटसननं स्वतःच्या वाट्यातून भर घालण्याची तयारी दाखवली. पुढे किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला आणि तो ठरल्याप्रमाणे वाटला गेला. कोकणातल्या ज्या गरीब तांडेलाचं तारू आंग्र्यांच्या माणसांनी दस्तकाशिवाय धरलं, त्याला ही जप्ती जाचकच वाटली असणार, हे मी नाकारत नाही. पण त्या काळच्या सगळ्या दर्यावर्दी सत्ता एकाच रिवाजानं चालत असताना त्यातल्या एकीलाच चाचे ठरवायचं, हा न्याय मला मान्य नाही. रेस्टोरेशन हे तर व्यापारी तारूसुद्धा नव्हतं. ते कंपनीचं लढाऊ जहाज होतं, तोफा घेऊन आंग्र्यांच्या समुद्रात फिरत होतं आणि लढाईत हरलं. त्याच्यावर तुळाजींचा हक्क नसेल, तर इंग्रजांनी फ्रेंचांकडून लढून घेतलेल्या जहाजांवर इंग्रजांचाही नव्हता.

आक्षेपक: इथवर आपलं जमलं. आता नानासाहेबांवर या. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांचे अधिकारी रामाजी महादेव यांच्या मध्यस्थीनं मुंबईकरांशी करार झाला. त्यात मराठी आरमारानं मोहिमेत इंग्रजांच्या हुकमतीखाली चालावं असं ठरलं, बाणकोट इंग्रजांना देऊ केलं. एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग पडला, पुढच्या फेब्रुवारीत विजयदुर्ग. आपल्याच सरखेलाविरुद्ध परक्याला बोलावणं याला दुसरं काय म्हणायचं?

लेखक: चूक म्हणायचं, आणि मोठी चूक म्हणायचं. मी फक्त ती चूक नेमकी कुठे आहे ते दाखवतो, कारण आपण बोट ठेवतो ते चुकीच्या जागी. आपण म्हणतो, आरमार जळालं म्हणून सागरी सत्ता संपली. आरमार जळाल्यानं सत्ता संपत असती, तर त्यानंतर विजयदुर्गातून पुन्हा जहाजं निघाली नसती. पण ती निघाली. विजयदुर्ग पेशव्यांच्या ताब्यात आल्यावर तिथे पेशव्यांचं स्वतःचं आरमार उभं राहिलं, आनंदराव धुळप त्याचे सुभेदार झाले. गिऱ्याच्या खाडीत गोदी होती, सागवान होतं, सुतार होते, खलाशी होते. तोफाही होत्या. आणि हे आरमार शोभेचं नव्हतं. एप्रिल १७८३ मध्ये धुळपांच्या जहाजांनी रत्नागिरीच्या समुद्रात कंपनीचं ‘रेंजर’ हे लढाऊ जहाज गाठलं. त्याच्यावर टिपूविरुद्ध लढणाऱ्या फौजेकडे निघालेले बडे इंग्रज अधिकारी होते. लढाई अटीतटीची झाली. कर्नल मॅक्लाउड जखमी झाला, कर्नल हंबरस्टन जखमांनी पुढे मेला, आणि धुळपांनी रेंजर पाडाव करून विजयदुर्गात आणलं. ज्या बंदरात सत्तावीस वर्षांपूर्वी आरमाराची राख झाली होती, त्याच बंदरात इंग्रजांचं दुसरं जहाज कैद होऊन आलं. जळाल्यानं सगळं संपलं, असं मानणाऱ्याला ही लढाई समजावून सांगता येत नाही. आता पुढची गोष्ट पाहा. रेस्टोरेशन सात वर्षं आंग्र्यांकडे होतं, इंग्रजांना ते परत मिळालं नाही. शेवटी जाळूनच त्यांनी ते आंग्र्यांच्या हातातून घालवलं. रेंजर मात्र त्याच वर्षी इंग्रजांना परत द्यावं लागलं. शौर्यात धुळप तुळाजींना उणे नव्हते. खलाशी त्याच जातकुळीचे होते, बंदरही तेच. दोन जहाजांच्या नशिबात एवढा फरक कशानं पडला, याचं उत्तर जळिताच्या गोष्टीत मिळत नाही.

आक्षेपक: थांबा, इथे तुम्ही सोईचं तेवढंच सांगताय. रेंजर परत दिलं त्याचं कारण उघड आहे. सालबाईचा तह मे १७८२ मध्ये झाला आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये दोन्ही बाजूंनी पक्का झाला. धुळपांची लढाई त्यानंतरची. तह झाल्यावर धरलेलं जहाज कोणतंही सभ्य सरकार परत करील. उलट यात नाना फडणविसांची शब्दाची पत दिसते. दुसरं असं, की तुमचा युक्तिवाद तुमच्यावरच उलटतो. तुळाजींच्या मागे कोणतंही राज्य नव्हतं, ते एकटे होते, तरी त्यांनी जहाज ठेवलं. धुळपांच्या मागे पुण्याचं दरबारी राज्य होतं, तरी जहाज गेलं. मग राज्याचं पाठबळ बरं की एकट्याची मुखत्यारी?

लेखक: हा तुमचा सगळ्यांत बळकट आक्षेप आहे. त्याचा अर्धा भाग मी तसाच मान्य करतो: तह झाला होता, रेंजर परत करणं योग्य होतं, त्यात कमीपणा नाही. पण तह कोणत्या परिस्थितीत होतात ते पाहावं लागतं. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी ताब्यात घेतली. चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला हा मुलूख. पुढे वडगावला इंग्रजांची फौज मराठ्यांनी गुडघ्यावर आणली, सात वर्षं युद्ध चाललं, तरी सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. जमिनीवर वडगावसारखा विजय मिळवूनही मुंबईच्या दाराशी असलेलं बेट परत मिळू नये, याचं एक मोठं कारण असं, की त्या बेटाभोवतीच्या पाण्यावर आपला हुकूम उरला नव्हता. तुळाजी कंपनीच्या जहाजाला अडवून दस्तक मागत होते. धुळपांच्या काळात कंपनीच्या जहाजाकडे दस्तक मागण्याची गोष्टच संपली होती. रेंजर परत गेलं ते तहानं, पण समुद्रावर पुढचा शब्द कोणाचा हे तहाच्या कितीतरी आधी ठरून गेलं होतं.

आता एकटे तुळाजी आणि धुळपांमागचं राज्य. रेस्टोरेशन पाडाव झालं त्याच वर्षाच्या डिसेंबरात शाहू महाराज वारले. ही तारीख मला फार बोलकी वाटते. तोपर्यंत सरखेल आणि पेशवा हे दोघेही एकाच छत्रपतींचे मानकरी होते. पेशव्यानं सरखेलाला हुकूम करावा आणि सरखेलानं तो ऐकावा, असं नातं नव्हतं. दोघांच्या भांडणात निवाडा करायला सातारचं सिंहासन होतं. शाहू महाराजांनंतर सत्ता पुण्यात एकवटली. नानासाहेबांच्या दृष्टीनं तुळाजी हा वसूल न देणारा, हुकूम न मानणारा सरदार झाला, आणि तुळाजींच्या दृष्टीनं पेशवा हा त्यांच्या बरोबरीचा असून मालकी गाजवू पाहणारा झाला. दोघांच्या वर कोणी उरलं नाही. त्याआधी १७३५ मध्ये बाजीरावांनी संभाजी आणि मानाजी या भावांच्या भांडणात आंग्र्यांची दौलत विभागून दिलीच होती, मानाजींना कुलाबा आणि वजारतमाब हा किताब, संभाजींकडे सरखेली. एका आरमाराची दोन झाली. तेव्हा तुळाजी ‘एकटे’ होते ते स्वभावानं नव्हे, या घडामोडींनी त्यांना एकटं पाडलं. त्यांची मुखत्यारी सात वर्षं टिकली, कारण त्यांच्यावर चालून येणारं कोणी जमिनीवरून आणि समुद्रावरून एकाच वेळी येत नव्हतं. तसं कोणी आलं त्या दिवशी ती संपली.

धुळपांना राज्य होतं हे खरं. पण त्या राज्यानं समुद्र हा एक सुभा मानला, जसा एखादा महाल किंवा परगणा. वसूल यावा, किनारा शांत राहावा, एवढी त्याच्याकडून अपेक्षा. नानासाहेबांची चूक मी इथे पाहतो. सरदाराला वठणीवर आणण्याचा अधिकार राज्यकर्त्याला असतो, म्हणून तुळाजींवर चालून जाणं हा माझ्या लेखी अपराध नाही. १७५५ च्या करारात मराठी जहाजांची हुकमत मुंबईकरांकडे दिली, हा मात्र अपराध आहे. पाडाव झालेली आंग्र्यांची जहाजं दोघांनी वाटून घ्यायची आणि तोफा, दारूगोळा पेशव्यांना, असं कलम होतं. म्हणजे वाटणीचा हिशेब पुण्यानं केला होता. वाटणीच्या दिवशी तिथे कोणाच्या तोफा भरलेल्या असतील, हा हिशेब राहून गेला. प्रत्यक्षात काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. वाटायची जहाजं जळून गेली. क्लाइव्हनं रात्री सैन्य उतरवलं ते किल्ला आणि रामाजीपंतांची फौज यांच्या मधोमध, मराठे आधी आत शिरू नयेत म्हणून. लुटीत मराठ्यांचा हिस्सा निघण्यापूर्वीच वगळलेला होता. किल्ला पेशव्यांना मिळाला तो ऑक्टोबर १७५६ च्या नव्या तहानं. त्यात बाणकोटाबरोबर आणखी गावं इंग्रजांना द्यावी लागली, डचांना मराठी मुलखात व्यापार बंद करण्याची अटही मान्य करावी लागली. स्वतःच्या राज्यातला किल्ला स्वतःच्या मित्राकडून आठ महिन्यांनी, किंमत मोजून घ्यावा लागला. दुसऱ्याच्या जहाजांवर बसून जिंकलेलं बंदर असंच मिळतं. पुढे धुळपांनी कितीही जहाजं बांधली तरी हा धडा पुण्याच्या धोरणात उतरलेला मला दिसत नाही.

आक्षेपक: तुम्ही राजकारणावर सगळा भार टाकताय, पण तोफा आणि जहाजं यांत जो फरक पडला होता त्याचं काय? ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ ही इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची, पन्नास ते सत्तर तोफांची जहाजं. तुमच्या गुराबेच्या नाळेवर दोन तोफा. सुवर्णदुर्गाच्या वेळी तर जेम्सनं मुख्यतः आपल्या चव्वेचाळीस तोफांच्या ‘प्रोटेक्टर’च्या जोरावर किल्ला पाडला, मराठी जहाजं मागेच राहिली असं इंग्रज लिहितात. नानासाहेब तटस्थ राहिले असते तरी आज ना उद्या हेच झालं असतं. मग त्यांची चूक इतकी मोठी का मानायची? मी आंग्र्यांचा अभिमानी आहे, पण खरं ते बोललं पाहिजे.

लेखक: बोललंच पाहिजे, आणि तुम्ही ते स्वतःच्या बाजूविरुद्ध बोललात याचा मला आदर वाटतो. फरक खरा होता. गुराबेची सगळी हुशारी एकट्या पडलेल्या जहाजासाठी होती. रांगेत नांगर टाकून उभ्या राहिलेल्या, एकेका कुशीतून पंचवीस-तीस तोफा डागणाऱ्या जहाजांपुढे ती चालत नाही. कुलपी गोळ्यांचा मारा करणारी गरनाळांची जहाजंही वॉटसनजवळ होती आणि लाकडी आरमाराला त्यांच्यासारखा वैरी नाही. डिसेंबर १७५५ मध्ये जेम्सनं विजयदुर्गाजवळ जाऊन पाण्याची खोली पाहिली आणि मोठी जहाजं तटाच्या अगदी माऱ्यात नेता येतील असं कळवलं. म्हणजे ज्या उथळ पाण्याच्या भरवशावर आंग्रे इतकी वर्षं निर्धास्त होते, तो भरवसा या एका बंदरापुरता फोल होता.

पण यावरून ‘हे अटळ होतं’ असं म्हणायला मी तयार नाही. तो दिवस आठवून पाहा. तुळाजी किल्ल्यात नव्हते. किल्ला आप्ताच्या हवाली करून ते रामाजीपंतांच्या छावणीत तहाचं बोलणं करायला गेले होते. जमिनीच्या बाजूनं पेशव्यांच्या फौजेनं मुलूख आधीच घेतला होता. सुवर्णदुर्गापासूनचे किल्ले वर्षभरात हातचे गेले होते. चहूकडून मुलूख असा हातून गेल्यावर आरमाराला बाहेर पडून जायला जागा उरत नाही, ते बंदरात तटाखाली येऊन बसतं. गुराबा एकमेकींना बांधून उभ्या राहिल्या त्या अशा वेळी. एरवी हीच जहाजं देवगडसारख्या बंदरांच्या आडोशाला पांगली असती, वॉटसनच्या अवजड जहाजांना दर खाडीत त्यांच्यामागे जाता आलं नसतं, आणि पावसाळा तोंडावर आल्यावर त्याला समुद्र सोडावाच लागला असता. वॉटसन या किनाऱ्यावर कायम राहायला आलाच नव्हता. फ्रेंचांशी युद्ध पेटण्याच्या बेतात असल्यानं त्याचं आरमार हिंदुस्थानात होतं. तो त्याच वर्षी बंगालकडे गेला आणि पुढच्या वर्षी कलकत्त्यात वारला. पाहुण्या आरमाराला एका हंगामात सगळं काम उरकून जाता आलं, ते जमिनीवरची अर्धी लढाई दुसऱ्यानं लढून दिली म्हणून. इंग्रजांच्या तोफा मोठ्या होत्या, पण त्या तोफांना उभं राहायला हवं तसं लक्ष्य आपण करून दिलं.

आक्षेपक: मग तुळाजी निर्दोष?

लेखक: नाही. ते आंग्र्यांच्या घरातले कदाचित सर्वांत धाडसी दर्यावर्दी असतील, पण डच, इंग्रज, पेशवे, शेजारचे सरदार, अशा सगळ्यांशी एकाच वेळी वैर घेऊन त्यांनी स्वतःला तह करण्याजोगी एकही जागा ठेवली नाही. कान्होजी लढत तसेच बोलतही असत. १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी समेट करून त्यांनी छत्रपतींची सरखेली पक्की करून घेतली आणि त्याच सुमारास मुंबईकरांशीही तह केला. ते ज्यांच्याशी लढले ते कधी एकत्र आले तर अर्धवट मनानं आले. १७२१ मध्ये कुलाब्याला इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होते, तरी बाजीराव आंग्र्यांच्या मदतीला धावून आले आणि पोर्तुगीजांनी वेगळा तह करून अंग काढून घेतलं. पस्तीस वर्षांत उलट चित्र झालं: त्या वेळी मदतीला धावलेल्या पेशव्याचा मुलगा आता समोरच्या छावणीत होता. त्याला तिथे नेऊन बसवण्यात तुळाजींचाही वाटा आहे, आणि त्याची किंमत त्यांनी उरलेलं सगळं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत, किल्ल्यामागून किल्ला बदलत मोजली.

म्हणून माझा आग्रह असा आहे, की शाळेच्या पुस्तकात किंवा विजयदुर्गाच्या माहितीफलकावर १७५६ चं जळीत एकटं सांगू नये. त्याच्या आधी १७४९ चं रेस्टोरेशन सांगावं आणि नंतर १७८३ चं रेंजर सांगावं, धुळपांच्या खलाशांनी ते कसं जिंकलं आणि दरबारानं ते कोणत्या तहानं परत केलं हेही सांगावं. ज्याला फक्त आग दिसते तो पेशव्यांना शिव्या देऊन मोकळा होतो, किंवा तोफांच्या संख्येवर बोट ठेवून सुस्कारा टाकतो. तिन्ही घटना ओळीनं पाहणाऱ्याला मात्र विचारावं लागतं, की सागवान, गोदी, खलाशी आणि हिंमत हे सारं जागच्या जागी असताना मधल्या चौतीस वर्षांत आपल्या राज्यकर्त्यांनी समुद्राविषयी कोणते करार केले, कोणाशी केले आणि त्यात कोणाची हुकमत कबूल केली.